बाटलीतले बियाणे

हवामानबदलाला तोंड द्यायचे तर गावरान बियाणे वाचवा, हा आग्रह आता शाळांच्या प्रदर्शनांपर्यंत पोचला आहे. हेतूबद्दल आमचा वाद नाही, मांडणीबद्दल आहे. बाटल्यांत दाणे भरून नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या की विविधता जपली, अशी विद्यार्थ्यांची समजूत होते.

सोनगीरसारख्या धुळे जिल्ह्यातल्या कोरडवाहू भागातली बाजरी घ्या. बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, पुंकेसर नंतर. त्यामुळे पराग बहुधा शेजारच्या ताटाचे, आणि गावरान बाजरीचे प्रत्येक ताट आनुवंशिकदृष्ट्या थोडे निराळे. काही लवकर निसवतात, काही उशिरा. ऐन फुलोऱ्यात पावसाने दडी मारली तरी थोडेफार हाती लागते. संकरित बाजरीचे शेत मात्र जवळजवळ एकदमच निसवते. साधले तर भरघोस, चुकले तर सगळेच चुकते.

या एकसारखेपणाची किंमत आपण मोजली आहे. १९६५ साली एच. बी. १ हा देशातला पहिला संकरित बाजरीचा वाण आला. त्याची मादी टिफ्ट २३ ए अमेरिकेतली. पुढच्या एच. बी. ३ ची मादीही तीच. १९७० नंतरच्या दशकात केवडा (शेतकऱ्यांचा 'गोसावी') रोगाने हे संकर झोडपून काढले.

म्हणून जे गावचे तेच उत्तम, असेही नाही. महाराष्ट्रात रुजलेला आय. सी. टी. पी. ८२०३ हा लवकर येणारा वाण पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोच्या 'इनियादी' बाजरीतून निवडलेला आहे. अधिक लोह असलेली 'धनशक्ती' (२०१२) त्यातूनच निघाली. (मुळात बाजरीच आफ्रिकेतून आलेली!) हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या शीतगृहात बाजरीचे २०,००० हून अधिक नमुने आहेत, म्हणून अशी निवड शक्य होते. पण शीतगृहात दाणा जिवंत राहतो, बदलत नाही. बदलत्या पावसाशी जुळवून घेण्याचे काम शेतातच चालते.

आणि शेतात ते करायचे कोणी? गावरान बाजरीचे उत्पन्न संकरितापेक्षा बहुधा कमी. ती तूट शेतकऱ्याने एकट्याने का सोसावी, हे प्रदर्शनात सहसा कोणी विचारत नाही.

शाळेच्या परसात दहा-वीस ताटांचेच बी दरवर्षी धरले, तर विविधता उलट घटते. शिवाय शेजारच्या संकरित शेतातले पराग वाऱ्याबरोबर येतातच. तेव्हा शिक्षकांनी बाटलीवर नावाखाली आणखी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: बी किती ताटांचे, आणि पहिले ताट निसवल्यापासून शेवटचे निसवेपर्यंत किती दिवस गेले.