'सळसळ' म्हणजे फक्त आवाज?

व्याकरणाच्या पुस्तकांत अभ्यस्त शब्दांचे तीन खाने असतात: पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. 'सळसळ', 'झुळझुळ' हे सरळ तिसऱ्या खान्यात जातात. कारण काय, तर ते आवाजाची नक्कल करतात. माझा आक्षेप या कारणावर आहे.

कर्ता बदलून बघा. पिंपळाची पानं सळसळतात, तिथे आवाज आहे. साप सळसळत जातो, तिथे आवाज आणि चाल दोन्ही. पण तरुण रक्त सळसळतं, तेव्हा कानाला काय ऐकू येतं? झरा झुळझुळ वाहतो खरा, पण झुळझुळीत साडी घडी करून कपाटात ठेवली तरी झुळझुळीतच! 'सुळकन निसटला' यात तर आवाज नसला तरी चालतं. गुळगुळीत, न अडखळणारी गती मात्र हवीच.

मार्क डिंगेमान्से यांनी २०१२ साली अशा शब्दांची एक उतरंड मांडली: आधी आवाज, मग हालचाल, मग दृश्य, मग इतर संवेदना, शेवटी मनाच्या अवस्था. भाषेत पुढची पायरी असेल, तर मागच्याही असतात. आपल्याला ही उतरंड लगेच चिकटवाविशी वाटते. पण जरा थांबा. ती भाषेच्या शब्दसाठ्याबद्दल बोलते. एकाच क्रियापदाचा अर्थ पानांपासून रक्तापर्यंत कसा सरकला, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी जुन्या-नव्या मराठीतले वापर तारीखवार लावावे लागतील.

'अनुकरणवाचक' हे नाव आहे, स्पष्टीकरण नव्हे. संशोधन प्रस्ताव लिहिताना हा फरक विसरू नका.