‘इनसाइड’ : प्रेक्षकांविना विनोद

अमेरिकन विनोदकार बो बर्नहॅम याचा ‘इनसाइड’ (२०२१) हा ८७ मिनिटांचा संगीत-विनोदी आविष्कार करोनाकाळात एका खोलीत साकारला. लेखन, गायन, चित्रण, संकलन सारे त्याचे एकट्याचे. महाजालावरील चित्रफितींतूनच पुढे आलेल्या या कलावंताने रंगमंचावर येणाऱ्या भीतीच्या झटक्यांमुळे २०१६ नंतर प्रयोग थांबवले होते, ही पार्श्वभूमी येथे महत्त्वाची ठरते.

एका प्रवेशात तो स्वतःच्याच गाण्यावर भाष्य करतो. मग त्या भाष्यावर भाष्य, त्यावरही पुन्हा. प्रत्येक पायरीवर आधीचा ‘स्व’ दांभिक ठरतो आणि आत्मपरीक्षण हेच नवे प्रदर्शन बनते. महाजालीय संस्कृतीवरील टीका तिच्याच चौकटीत अडकते. हे न्यून नव्हे. तेच या कलाकृतीचे आशयसूत्र होय.

मात्र येथील एकाकीपणही प्रकाशयोजनेसह मांडलेले आणि संकलित आहे. कोसळण्याच्या क्षणीसुद्धा कॅमेरा अचूक जागी असतो. त्यामुळे वेदना खोटी ठरत नाही, पण तिच्या निखळपणाची ग्वाहीही देता येत नाही. अखेरीस तो बाहेर पडतो, दार बंद होते, अदृश्य प्रेक्षक हसतात. पुढच्याच दृश्यात तो खोलीत बसून हेच चित्रण भिंतीवर पाहत असतो, आणि हळूच त्याच्या ओठांवर स्मित उमटते.