एक आलेख, दोन चित्रपट

शाळेत कोणता चित्रपट दाखवावा याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत जावा, असे क्वचितच घडते. २००७ साली लंडनमध्ये ते घडले. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांचा जागतिक तापमानवाढीवरचा ‘ॲन इनकन्व्हीनियंट ट्रुथ’ (२००६) हा माहितीपट इंग्लंडमधील सरकारी माध्यमिक शाळांना पाठवायचे तिथल्या सरकारने ठरवले. केंटमधील एका शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या सदस्याने त्याला हरकत घेतली. त्याच वर्षी ८ मार्चला ब्रिटनच्या ‘चॅनल ४’ वाहिनीने उलट बाजूचा चित्रपट दाखवला होता. मार्टिन डर्किन यांच्या या चित्रपटाचे नाव होते ‘द ग्रेट ग्लोबल वॉर्मिंग स्विंडल’, म्हणजे तापमानवाढीची महाफसवणूक.

दोन्ही चित्रपट आता जुने झाले आहेत. त्यांतली विधाने मात्र अजून वर्गात येतात. “आधी तापमान वाढते आणि मग कार्बन डायऑक्साइड वाढतो, हे खरे का?” असे एखादा विद्यार्थी विचारतो, तेव्हा तो नकळत डर्किन यांचा मुद्दा मांडत असतो. त्याला गप्प बसवणे सोपे आहे, पण त्याचा प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी हे दोन चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवेत.

सोय अशी, की दोघांनीही एकाच आलेखाचा आधार घेतला आहे. अंटार्क्टिकावर खोल छिद्रे घेऊन बर्फाचे लांबच लांब दंडगोल काढले जातात. त्यांत अडकलेल्या बुडबुड्यांत त्या त्या काळची हवा असते, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड मोजता येतो. बर्फातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या समस्थानिकांवरून त्या काळचे तापमान कळते. लाखो वर्षांच्या या नोंदीत दोन्ही रेषा बरोबरीने वरखाली होतात. हिमयुगात हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे १८० भाग, तर उबदार काळात २८० ते ३०० भाग आढळतात.

गोर हा आलेख पडदाभर दाखवतात. कार्बन डायऑक्साइड आता कुठे जाऊन पोहोचणार हे दाखवण्यासाठी ते यांत्रिक शिडीवर चढून वर जातात. दृश्य परिणामकारक आहे. पण वायू वाढला की तापमान वाढते, एवढेच सांगून ते पुढे जातात. अंटार्क्टिकाच्या नोंदीत तापमान आधी वाढू लागते व वायू मागाहून, ही गोष्ट ते प्रेक्षकांना सांगत नाहीत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे अंतर सुमारे ८०० वर्षांचे निघाले होते.

डर्किन नेमके हेच अंतर पकडतात आणि निष्कर्ष काढतात, की कार्बन डायऑक्साइड हा परिणाम आहे, म्हणून तो कारण असू शकत नाही.

या ‘म्हणून’पाशी शिक्षकाने थांबायला हवे. आपल्या घरी रात्री दुधाला विरजण लावतात, सकाळी दही होते. त्याच दह्यातले चमचाभर उद्याचे विरजण असते. विरजण दह्यातून मिळते, हे पाहून “म्हणजे विरजणाने दही लागत नाही” असे कोणी म्हणाले, तर घरातले लहान मूलही हसेल. एकच गोष्ट परिणामही असते आणि कारणही.

हिमयुगाच्या शेवटी घडते ते असे. पृथ्वीच्या कक्षेत व आसाच्या कलात हजारो वर्षांत संथ बदल होतात, त्यामुळे उन्हाची वाटणी बदलते आणि थोडी ऊब सुरू होते. समुद्र तापू लागला की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेत आला की उष्णता अडवतो, समुद्र आणखी तापतो. सुरुवात कक्षेने केली, पण वाढीचा मोठा वाटा वायूचा. अंतराचे मोजमापही सोपे नाही. बुडबुडा बंद होतो तो बर्फ पडल्यावर शेकडो, कधी हजारो वर्षांनी. त्यामुळे हवेचे वय आणि भोवतालच्या बर्फाचे वय एक नसते. २०१३ साली सुधारित पद्धतीने मोजले, तेव्हा शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस अंटार्क्टिकात दोन्ही वाढी जवळजवळ बरोबरच झालेल्या दिसल्या. २०१२ च्या एका अभ्यासात जगभरच्या ८० नोंदी एकत्र केल्या, तेव्हा पृथ्वीचे सरासरी तापमान वायूच्या मागून गेलेले दिसले.

डर्किन यांच्या चित्रपटात समुद्रातून वायू बाहेर पडतो हे सांगणारे शास्त्रज्ञ आहेत एमआयटीचे कार्ल वुन्श. समुद्र हा कार्बनचा प्रचंड साठा आहे, तो तापवणे धोक्याचे ठरेल, हा इशारा देण्याचा आपला हेतू होता, असे त्यांनी नंतर स्पष्ट केले. चित्रपटात मात्र त्यांचे बोलणे अशा जागी बसवले, की इशाऱ्याचा दिलासा झाला. त्यांनी तक्रार केली. २००८ साली ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेने ती अंशतः मान्य केली. प्रेक्षकांची हानिकारक दिशाभूल झाली, असे मात्र ऑफकॉमने ठरवले नाही.

आजची वाढ समुद्रातून आलेली नाही, हे कशावरून? वायू समुद्रातून येत असता, तर समुद्रातला साठा घटला असता. प्रत्यक्षात तो वाढतो आहे आणि पाण्याची आम्लता वाढते आहे. हवेतील कार्बन-१३ चे प्रमाण घटत आहे, आणि कोळसा व तेल यांच्या कार्बनमध्ये ते कमीच असते. हवाईतील मौना लोआ येथे १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता. २०२४ ची सरासरी ४२० च्या वर गेली. बर्फातील ८ लाख वर्षांच्या नोंदीत इतका आकडा कुठेच नाही.

डर्किन यांचे इतर मुद्दे लवकर निकालात निघतात. ज्वालामुखी माणसापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात, हे विधान चुकीचे आहे; त्यांचा वाटा माणसाच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. सूर्याची क्रियाशीलता आणि तापमान यांचा जो आलेख दाखवला, त्यात सुमारे १०० वर्षांची रिकामी जागा रेषा ओढून भरली होती. ज्या डॅनिश संशोधकाच्या कामावर तो आधारला होता, त्यानेच त्यावर आक्षेप घेतला.

एक प्रसंग मात्र मनात राहतो. केनियातील एका दवाखान्यात सौर वीज इतकी अपुरी, की दिवे लावले तर शीतकपाट चालत नाही. श्रीमंत देशांतल्या पर्यावरणवाद्यांनी गरिबांना काटकसर शिकवावी का, हा प्रश्न खरा आहे. भारनियमनात परीक्षेचा अभ्यास केलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. पण उपाय कोणी करावा आणि खर्च कोणी सोसावा, यावरून तापमान का वाढते ते ठरत नाही. त्याची जागा नागरिकशास्त्राच्या तासाला आहे.

गोर यांनाही सूट नको. न्यायमूर्ती मायकेल बर्टन यांनी चित्रपट ढोबळमानाने अचूक मानला, पण त्यात नऊ ठिकाणी त्रुटी नोंदवल्या. समुद्र २० फूट चढेल हे सांगताना त्याला किती शतके लागतील ते न सांगणे, ही त्यांतली एक. बर्फाच्या आलेखातील दोन रेषा तंतोतंत जुळतात असे सुचवणे, ही दुसरी. शिक्षकांसाठी मार्गदर्शक टीप जोडून चित्रपट दाखवावा, असा निकाल झाला. तो आपल्याही उपयोगाचा आहे. गोर यांनी ८०० वर्षांची गोष्ट स्वतःच सांगितली असती, तर डर्किन यांच्या हाती ती लागलीच नसती. बाजू खरी असली, तरी अर्धवट सांगितल्याने ती दुबळी होते.

वर्गात हे करून पाहावे. सोड्याच्या दोन सारख्या बाटल्या घ्याव्या, एक थंड आणि एक साध्या तापमानाची. झाकणे उघडताच तोंडाला फुगे लावावे आणि थंड बाटली तशीच ठेवून दुसरी कोमट पाण्यात ठेवावी. कोणता फुगा जास्त फुगतो ते मुले पाहतील. मग विचारावे, “ज्या बाटलीतून वायू गेला, तिच्यातला वायू वाढेल की घटेल?” उत्तर त्यांनीच द्यावे. मग समुद्राचे आकडे फळ्यावर लिहावेत.