बी. प्रभा यांच्या चित्रांतील स्त्री

बी. प्रभा (१९३३–२००१) यांच्या चित्रांचे स्मरण होताच डोळ्यांपुढे उभी राहते ती एक सडपातळ स्त्री: मान लांब, हात लांब, दृष्टी खाली, डोक्यावर किंवा जवळ टोपली, आणि मागे जवळजवळ एकाच रंगाची निःशब्द भूमी. नागपूरजवळच्या बेला गावी जन्मलेल्या, नागपुरात व पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकर्त्रीने कोळीण आणि खेडूत स्त्री हाच आपला विषय मानला. कष्टकरी स्त्री एका स्त्रीनेच रंगविली, सबब ती अधिक खरी, असा समज सहज होतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

राजा रविवर्मा यांनी पुराणांतील नायिकांना नऊवारी लुगडे नेसविले आणि १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचविल्या. या स्त्रिया पाहणारासाठी सजून उभ्या असतात. अमृता शेरगिल यांनी ही सजावट उतरविली. १९३६ साली अजिंठा पाहिल्यानंतर त्यांनी रंगविलेल्या ‘वधूशृंगार’ (१९३७) या चित्राचा विषयच नटण्याचा. पण त्यात उत्सव नाही. प्रभाबाईंची स्फूर्ती येथली. तथापि शेरगिल यांच्या बसलेल्या देहांना जे वजन आहे, ते प्रभाबाईंच्या आकृतींना नाही.

मासळीची टोपली रोज वाहणाऱ्या बाईचे खांदे रुंदावतात, पाऊल दाबून पडते. हे ससून गोदीवर कोणासही दिसेल. प्रभाबाईंच्या कोळिणीची मान मात्र ओझ्याखाली अधिकच कमनीय होते. रेषा दुःख ठेवते आणि श्रम तेवढे गाळून टाकते. एअर इंडियाने त्यांची चित्रे आरंभीच्या काळातच विकत घेतली यात नवल नाही. विमान कंपनीच्या भिंतीला ही कोळीण शोभते; तिला मासळीचा वास नाही.

याउलट ठाण्यात १९७५ ते २००५ क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत चित्रे काढणारे सुधीर पटवर्धन. मानवाकृतीला पुन्हा मध्यभागी आणणाऱ्या १९८१च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनातील ते एक चित्रकार. त्यांच्या उपनगरी गर्दीतील स्त्रीला पोट आहे, पाठ आहे, जागा अडविणारे शरीर आहे. ती करुण नाही, गोडही नाही. पाहणारास खूश करण्याचे बंधन तिच्यावर नाही, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तिला आपण रस्त्यावरून जाता जाता पाहतो. ती बहुधा अनेकांतली एक असते, आणि तिच्या मनात काय चालले आहे याची उत्सुकता चित्र फारशी वाढू देत नाही.

येथे प्रभाबाईंकडे पुन्हा वळावेसे वाटते. टोपली बाजूला ठेवून, हात मोकळे टाकून बसलेली त्यांची एकटी स्त्री पाहावी. तेथे ती लांबट रेषा ओझ्याला सुंदर करण्याच्या कामातून सुटलेली असते. त्या खाली वळलेल्या डोळ्यांत काही तरी राखून ठेवलेले आहे, आणि ते तिने आपल्याला दिलेले नाही.