एकोणीस बुरूज

जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये फरशीवर पाय ठेवताना मला दर वेळी संकोच वाटतो. ती फरशी म्हणजे थडग्यांचे दगड, आणि त्यांवर कोरलेली घराण्यांची कुलचिन्हे. ती पोर्तुगीज. पण त्यांचा माग काढता काढता, शब्दकोश मांडीवर घेऊन, मी शेजारच्या स्पेनमध्ये शिरलो आणि एका कुलचिन्हापाशी अडकलो. ते कुणा सरदाराचे नव्हते, नाटककार लोपे दे वेगाचे होते.

१५९८ मध्ये लोपेचे 'आर्कादिया' छापून आले. त्यात त्याचे चित्र होते आणि एक ढाल. ढालीवर एकोणीस बुरूज. हे कुलचिन्ह बेर्नार्दो देल कार्पियो या वीराचे, ज्याने रोन्सेस्व्हालेसच्या खिंडीत रोलाँला मारले असे स्पॅनिश लोककथा सांगते. लोपेच्या नावात 'कार्पियो' होतेच. मात्र त्याचा बाप फेलिक्स माद्रिदमध्ये भरतकाम करून पोट भरणारा कारागीर होता.

कोर्दोव्हाचा कवी गोंगोरा टपूनच बसला होता. त्याने एक सुनीत लिहिले. लोपेचे नाव लाडाने लहान केले, म्हणजे पोराला हाक मारावी तसे, आणि हे बुरूज पुसून टाक म्हणून विनवणी केली. बुरूज सगळे वाऱ्याचेच, पण इतक्यांना पुरेल एवढा वारा तरी तुझ्याकडे आहे का, ही शंकाही काढली. शेवटचा घाव सर्वांत जिव्हारी. त्याच वर्षी लोपेने मांसाच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलीशी दुसरे लग्न केले होते. स्पॅनिशमध्ये बुरुजाला 'तोरे' आणि डुकराच्या तळलेल्या चरबट तुकड्याला 'तोरेझ्नो'. या दोन शब्दांवर गोंगोराने सासऱ्याचे दुकान लोपेच्या ढालीवर चढवले.

तेव्हापासून हा किस्सा लोपेच्या मिजाशीचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला हे पटत नाही.

गोंगोराची बाजू इतिहासाने भक्कम आहे, हे आधी कबूल करतो. रोन्सेस्व्हालेसची लढाई ७७८ ची. बेर्नार्दो ज्याचा भाचा म्हणवतो तो दुसरा आल्फोन्सो गादीवर आला ७९१ मध्ये. बेर्नार्दोच्या काळातला एकही कागद त्याचे नाव घेत नाही. तो भेटतो तो तेराव्या शतकातल्या बखरींत. शिवाय ढालीवर वंशपरंपरेने चिन्ह मिरवण्याची रीतच युरोपात बाराव्या शतकातली. म्हणजे वीर कल्पित आणि त्याची ढाल तर त्याच्या काळात शक्यच नसलेली. त्या काळी 'इदाल्गो' ठरला की माणसाला सामान्यांचा कर चुकत असे, कर्जापायी तुरुंग टळत असे. त्यामुळे कुळाचा दावा ही निव्वळ शोभेची बाब नव्हती, आणि दावा खोटा असेल तर हसणाऱ्याला हसण्याचा अधिकार होता.

पण त्या ढालीसोबत छापलेले ब्रीदवाक्य किती जण वाचतात? त्याचा आशय असा की चिन्ह बेर्नार्दोचे आहे, आपली आहेत ती दुर्दैवे. ज्याला वंश चोरायचा आहे तो मालकाचे नाव चोरीच्या मालावर लिहून ठेवत नाही.

दुर्दैवे खरीही होती. १५८८ मध्ये लोपे बदनामीकारक कविता लिहिल्याबद्दल माद्रिदमधून हद्दपार झाला. पुढे आल्बाच्या ड्यूकच्या पदरी आल्बा दे तोर्मेस येथे राहिला. तिथेच पहिली बायको इसाबेल गेली, लहान मुली गेल्या. आणि त्या गावाजवळच ती जागा आहे, जिथे बेर्नार्दोने आपला कार्पियोचा किल्ला बांधला अशी दंतकथा आहे. 'आर्कादिया' ही त्याच ड्यूकच्या दरबाराची, धनगरांच्या वेशात सांगितलेली गोष्ट. ज्या मातीत आपली माणसे पुरली त्या मातीतल्या वीराचे चिन्ह कवीने उचलले, असे मी वाचतो. पुरावा म्हणून हे अपुरे आहे, मान्य.

मग मी त्याचे 'एल कासामिएन्तो एन ला मुएर्ते' हे नाटक काढले. नावाचा अर्थ मृत्यूतले लग्न. बेर्नार्दो राजाच्या बहिणीचा अनौरस मुलगा. बाप कैदेत. बापाच्या सुटकेसाठी तो राजाच्या लढाया लढतो आणि अखेर त्याच्या हाती येते ते बापाचे प्रेत. तेव्हा तो आईचा हात त्या गार हातात देतो, लग्न लावतो आणि स्वतःला औरस करून घेतो. कुळ हे मेलेल्या हाताने, उशिरा आणि जबरदस्तीने मिळते, हे ज्याने रंगमंचावर दाखवले त्याला आपल्या बुरुजांची किंमत ठाऊक नव्हती असे मला म्हणवत नाही.

आणि हसणाऱ्याचे घर? गोंगोराच्या बापाचे आडनाव आर्गोते. कवीने उचलले ते आईचे. पुढे क्वेव्हेदोच्या नावावरच्या कवितेत त्याच्या कुळावर ज्यू असल्याचा टोमणा आला, तोही डुकराच्या चरबीचीच भाषा वापरून.

सुनिताची चर्चा गावभर झाल्यावर लोपेने बुरूज पुसले का? १६०४ मध्ये सेव्हियात 'एल पेरेग्रिनो एन सु पात्रिया' छापले गेले. त्याच्या मुखपृष्ठावर एकोणीसही बुरूज आहेत, आणि सोबत मत्सराची मूर्ती.