‘परागंदा’ या शेऱ्याच्या पुढे

(लासूर स्टेशन येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय ‘पूर्वजांचा शोध’ असा जाहीर झालाय. तो फार मोठा आहे, म्हणून आम्ही तो जरा आवळून घेतो. गाव सोडून गेलेल्या पूर्वजांबद्दल आपल्याकडे कसं लिहिलं गेलं आणि त्या लिहिण्यात काय कमी पडलं, एवढंच आज बघू.

मराठीत या लेखनाचा ठरलेला प्रकार म्हणजे कुलवृत्तांत. विसाव्या शतकात कितीतरी घराण्यांनी, विशेषतः कोकणातून देशावर पसरलेल्या घराण्यांनी, असे जाडजूड ग्रंथ काढले. त्यांची मांडणी आपल्याला ओळखीची आहे. आधी गोत्र, कुलदैवत, मूळ गाव. मग मूळ पुरुष. त्याच्यापासून फुटलेल्या शाखा, पिढ्यांचे आकडे, आणि प्रत्येक नावाखाली चार ओळी: शिक्षण, नोकरी, लग्न, मुलंबाळं. हे काम सोपं नव्हतं, बरं का. घरोघर पत्रं लिहायची, उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहायची, तीर्थाच्या ठिकाणी उपाध्यायांच्या वह्या चाळायच्या. पदरचे पैसे घालून लोकांनी हे केलं. त्याबद्दल आदर आहेच. पण आदर आहे म्हणून परीक्षण सोडायचं नसतं.

पहिला आक्षेप साध्या हिशोबाचा. आपले आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. असं दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या जागा होतात 1,024. काही माणसं त्यात दोनदा येतील, तरी संख्या मोठीच राहते. या हजारांतल्या एका पुरुषाला कुलवृत्तांत ‘मूळ पुरुष’ म्हणतो. बाकीचे कुठे गेले? त्यांचंही रक्त आपल्यात तितकंच आहे. म्हणजे मूळ पुरुष सापडत नाही, तो निवडला जातो. आडनाव ज्या वाटेनं आलं ती वाट धरली, म्हणून तो मूळ ठरला. लेकीचं लग्न झालं की तिची शाखा तिथंच थांबते. सून येते ती बहुतेक नाव बदलून येते. मग पणजीचं माहेरचं नाव शोधायला निघालं, की तिच्या पोटच्या नातवंडांच्या ग्रंथातही ते मिळेलच असं नाही.

दुसरा आक्षेप आमच्या मते जास्त गंभीर. घर सोडून गेलेल्या माणसापाशी कुलवृत्तांताची लेखणी थबकते. ‘परागंदा झाला’, ‘देशांतरास गेला’, ‘पुढे माहिती नाही’, असा शेरा पडतो आणि ती ओळ संपते. ‘परागंदा’ हा शब्द फारसीतून आला, मुळात अर्थ विखुरलेला. आपण मात्र तो ‘संपलेला’ अशा अर्थानं वापरतो. गेलेल्या माणसाचा संसार दुसरीकडे सुरू झालेला असतो. संपते ती आपली माहिती.

आता अशा माणसांची एक मोठी वाट बघू. मॉरिशस बेटावर 1834 पासून करारबद्ध मजूर जाऊ लागले. गुलामगिरी बंद होत होती आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. पुढच्या आठ-नऊ दशकांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसं तिथं उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक होते, मुख्यतः रत्नागिरीकडचे. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. या मजुरांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक. पुढे नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज. 1860च्या दशकापासून छायाचित्रंही काढली जाऊ लागली. आणि बायकांनाही स्वतंत्र क्रमांक.

यातली विसंगती लक्षात घ्या. या वह्या कुणी मायेनं लिहिल्या नव्हत्या. पळालेला मजूर पकडता यावा, कराराचा हिशोब राहावा, म्हणून लिहिल्या. पण आज असं झालंय, की मळ्यावर गेलेल्या माणसाचं नाव, गाव, कधीकधी चेहरासुद्धा कागदावर आहे, आणि मागे गावात राहिलेल्या त्याच्या भूमिहीन भावाची ओळसुद्धा कुठं सापडत नाही. गरीब माणूस कागदावर येतो तो बहुधा कुणाला तरी त्याची मोजणी हवी असते म्हणून. कागद हातात घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा कुणी, कशासाठी लिहिला?

आणि कागद मिळाला म्हणजे काम झालं असंही नाही. परक्या कारकुनानं कानाला आलं तसं गावाचं नाव लिहिलेलं असतं. त्यात एकाच नावाची गावं आपल्याकडे पाच-पाच. समजा वहीत नुसतं ‘पांडू’ लिहिलं असेल, तर पुढच्या पिढीचं आडनावच पांडू होऊन बसतं. मग नातवानं मूळ घर शोधायचं कसं?

आयर्लंडचं उदाहरण इथं उपयोगी पडेल. 1845 नंतरच्या दुष्काळात तिथून लाखो लोक अमेरिकेला गेले. त्यांचे वंशज आज मुळं शोधतात, पण 1922च्या यादवी युद्धात डब्लिनचं सरकारी दफ्तर जळालं, आणि काही जनगणनांचे कागद त्याआधी सरकारनंच नष्ट केले होते. मग ते लोक शेतसाऱ्यासाठी केलेल्या जमीन-मोजणीच्या याद्या वापरतात. त्यांत घरटी एकच नाव, कब्जेदाराचं. बायको-पोरं नाहीत.

हे आपल्याला परकं वाटायला नको. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून खासरा पत्रक, गाव नमुना 14, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा हे शब्द घराघरांत गेले. निजामाच्या अमलातलं दफ्तर, त्यामुळे कुठं उर्दू, कुठं मोडी. वाचणारा शोधत फिरावं लागतं. त्या प्रश्नाच्या राजकारणात आम्ही शिरत नाही. सांगायचं एवढंच, की खासरा पत्रकात जमीन कसणाऱ्याचं नाव आहे. सालगड्याचं नाही, आणि जी विहिरीवर राबली तिचंही नाही.

अशा रिकाम्या जागेचं लेखकानं काय करायचं? दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघू. अ‍ॅलेक्स हेली यांचं ‘रूट्स’ 1976 मध्ये आलं. गुलाम म्हणून नेलेल्या पूर्वजापर्यंत, कुंटा किंटेपर्यंत, त्यांनी ओळ जोडून दाखवली. जगभर लोकांना धीर आला. पुढे अभ्यासकांनी कागद तपासले तेव्हा ती जुळणी टिकली नाही. दुसरं पुस्तक गायुत्रा बहादूर यांचं ‘कुली वुमन’, 2013चं. त्यांची पणजी सुजारिया 1903 मध्ये बिहारमधून एकटी, गरोदर अवस्थेत, ब्रिटिश गयानाला गेली. का गेली? नवरा कुठं होता? कागद बोलत नाही. तिथं लेखिका गोष्ट रचत नाही, ती प्रश्न विचारत राहते. आमच्या मते हे दुसरं पुस्तक जास्त मोठं. पूर्वजांचा मान ठेवायचा तर त्यांच्या तोंडी आपल्या सोयीचं उत्तर घालू नये.

ज्ञानाच्या दृष्टीनं हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ‘माहिती नाही’ हेसुद्धा एक विधान आहे, आणि ते कुठं शोधून झाल्यावर केलं हे सांगितलं तरच त्याला किंमत येते. कुलवृत्तांतात हा शेरा अनेकदा दार लावून घेतो. चांगल्या संशोधनात तोच पुढच्या माणसासाठी दार उघडं ठेवतो.

यात आज काय पणाला लागलंय? मॉरिशसच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळण्याची सोय मार्च 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या तिथल्या भेटीत जाहीर झाली. म्हणजे पणजोबांच्या बापाचं नाव ही आता हौसेची बाब राहिली नाही. आणि इतकं लांब जायलाही नको. आपल्या गावाच्या नावातच स्टेशन आहे. 1972च्या दुष्काळात मराठवाड्यातून किती घरं मुंबई-पुण्याकडे गेली! साध्या डब्याच्या तिकिटावर नाव नसतं. त्या माणसांची वही ना मळेवाल्यानं ठेवली, ना सरकारनं. मॉरिशसच्या मजुराइतकाही पुरावा त्यांच्या नातवंडांना मिळणार नाही. ज्यांना ती माणसं आठवतात ते आज सत्तरीच्या पुढे आहेत.

तेव्हा नव्या कुलवृत्तांताकडून आमची अपेक्षा मोजकी आहे. आईच्या आईचं, तिच्याही आईचं नाव माहेरच्या गावासकट लिहा. गाव सोडून कोण गेलं, साधारण कोणत्या साली, कुणाच्या ओळखीनं, ते लिहा. हे कुणी सांगितलं तेही लिहा. अंदाज असेल तर अंदाज म्हणा. नवीन वही घेतलीत तर पहिलं पान मूळ पुरुषाला देऊ नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, आणि ती ज्याचं नाव आधी घेईल तिथून सुरुवात करा. इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.