वर्गणी आणि वाटा

आमच्या आर्णीत काय किंवा दुसऱ्या कोणत्याही गावात काय, सार्वजनिक उत्सव आटोपला की वर्गणीदारांची नावे फलकावर लागतात. मांडव कोणी घातला, पाणी कोणी भरले, हे त्या फलकावर नसते. गावाला ते ठाऊक असते. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानांच्या सभासद होतात, तेव्हा मला तो फलक आठवतो.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची घडण कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते असे. पत्रे नि हिशेब लिहिण्याचे ‘लिब्रेऑफिस’ त्यांपैकीच. त्याचा सांभाळ करणारे ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ 2012 साली बर्लिनमध्ये रीतसर नोंदले गेले. त्याची घटना मला मार्मिक वाटते. संस्थांना तेथे सल्लागार मंडळावर बसता येते. संचालक निवडण्याचा अधिकार मात्र काम करणाऱ्या व्यक्तींचा. निदान तीन महिने काम केलेले असावे आणि पुढे सहा महिने करण्याचे वचन द्यावे, अशी तेथील अट आहे.

मग संस्था हव्यात कशाला? कारण विद्यार्थी उत्तीर्ण होऊन निघून जातो, संस्था मागे राहते. काम पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवणे तिलाच साधते.

याचे चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे बोलके धडे तयार केले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत उतरविले. धड्याची संहिता आधी नवख्या माणसाकडून तपासून घ्यावयाची, ही त्यांची रीत आमच्या पाठ्यपुस्तककारांनीही उचलावी अशी आहे. धडे कोणालाही वाटता येतात. मोठ्या संस्थेने दिलेला हा खरा वाटा होय.

तरीही एक उणीव सांगितलीच पाहिजे. भाषांतर आवाजाचे होते. पडद्यावरचे चित्र मूळचेच राहते. आर्णीतल्या एखाद्या कापूसवाल्याची मुलगी हा धडा लावील, तेव्हा कानांवर मराठी पडेल आणि डोळ्यांपुढे इंग्रजी शब्द येतील. लिब्रेऑफिस मराठीत उपलब्ध असताना असे व्हावे, याचे मला वाईट वाटते. शिवाय मूळ चित्राच्या वेगाशी जुळवून बोलावे लागत असल्याने मराठी वाक्याला श्वास घ्यावयास सवड उरत नाही. हा दोष निवेदकांचा नव्हे, योजनेचा आहे.

म्हणून सभासद होणाऱ्या प्रत्येक संस्थेला माझे सांगणे इतकेच : सल्लागाराची खुर्ची अवश्य घ्यावी, पण आपल्या प्रदेशाच्या भाषेतले शब्द नीट लावून देणारा एक माणूस कायमचा नेमावा, आणि चित्र मराठी पडद्यावरच घ्यावे. खर्च फार नाही. त्या मुलीला मात्र पहिल्याच दिवशी कळेल की हे यंत्र आपल्याशीही बोलते आहे.